मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या कॅथलिक चर्चमधल्या उपासनेत, बायबलच्या वाचनांपैकी शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या जीवनाच्या वृत्तान्ताच्या वेळीच सगळे उभे का राहतात? आणि पुस्तकाला धूप कशासाठी?

कारण त्या वेळी ख्रिस्त स्वतः बोलतो अशी आमची श्रद्धा आहे. पहिलं-दुसरं वाचन मीही करते. शुभवर्तमान मात्र डीकन (फादरांच्या खालच्या पायरीचे दीक्षित सेवक) किंवा फादरच वाचतात, आणि डीकनलाही आधी आशीर्वाद मागावा लागतो.

मी वसईची. आमच्या चर्चच्या एका सणाला मिस्सासाठी बाहेरून फादर आले होते. शुभवर्तमानाचं पुस्तक वेदीवर होतं, धूपपात्रात निखारे फुललेले, मेणबत्त्या धरून दोन पोरं तयार. आल्लेलुया सुरू झालं, फादर सरळ वाचनपीठाशी गेले आणि त्यांनी मोबाइल काढून वाचायला सुरुवात केली. पोरं आठवडाभर सराव करून आलेली, ती एकमेकांकडे बघत राहिली. पुस्तक वेदीवर तसंच बंद. वर जेवणाच्या मांडवात माझा चुलतभाऊ म्हणतो, "शब्द तर तेच ना, ताई? तेवढाच वेळ वाचला."

शब्द तेच, मान्य. पण वाचनांच्या पुस्तकांपैकी वेदीवर सुरुवातीपासून ठेवतात ते हे एकच, जिथे पुढे भाकर आणि द्राक्षारस ठेवतात तिथेच. तिथून ते मिरवत न्यायचं, त्यावर आणि मग कपाळावर, ओठांवर, छातीवर क्रूसाची खूण करायची, धूप द्यायचा, वाचून झालं की चुंबन घ्यायचं. मोबाइलचं चुंबन घेणार का? त्यावर आपण वीजबिल भरतो.

भावाचं दुसरं म्हणणं, हा सगळा थाट नंतर घुसडलेला. साफ चूक. चौथ्या शतकात एगेरिया नावाची यात्रेकरू बाई जेरुसलेमला गेली होती. रविवारी पहाटे येशूच्या कबरीपाशी धूपपात्रं आत नेतात, सगळं चर्च सुगंधानं भरतं, मग बिशप स्वतः शुभवर्तमान हातात घेऊन पुनरुत्थानाचा भाग वाचतात, असं तिनं लिहून ठेवलंय.

हां, रोजच्या मिस्सामध्ये एवढं नसतं, त्यात काही गैर नाही. झावळ्यांच्या रविवारी आणि गुड फ्रायडेला येशूच्या दुःखसहनाचा वृत्तान्त वाचताना तर मेणबत्त्या आणि धूप नसतोच. आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खुशाल बसून ऐकावं.

पण तुमच्याकडे कुणी वेळ वाचवायला मिरवणूक गाळू म्हणालं, तर त्यांना मिस्साच्या शेवटच्या सूचना आवरत्या घ्यायला सांगा. भावालाही मी तेच सांगितलंय.