बास्करव्हिल वापरणार असाल तर

इंग्रजी पुस्तकासाठी बास्करव्हिल हा टाइप, म्हणजे छापील अक्षरांचा घाट, निवडलात, उत्तम. पण आधी अक्षरं मोठी करून नीट बघा. छोट्या जीचा खालचा फासा उघडा राहतो, मोठ्या क्यूची शेपटी ऐटीत वळते, आणि जाड-बारीक रेषांतला फरक कॅस्लन या जुन्या इंग्रजी टाइपपेक्षा ठळक आहे. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलने १७५७ साली पहिलं पुस्तक छापलं ते गुळगुळीत कागदावर, गडद काळ्या शाईत. म्हणून शाई पिणाऱ्या खरखरीत कागदावर हा टाइप घेऊ नका. बारीक रेषा पसरतात आणि सगळा डौल जातो. कादंबरी, निबंध, कविता यांना तो फार शोभतो. समास मोकळे सोडा, ११ पॉइंटच्या अक्षराला १४ पॉइंटचं लीडिंग (एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर) द्या. तळटीपा मात्र फार बारीक करू नका. आणि छपाईच्याच कागदावर एक प्रूफ, म्हणजे तपासणीची प्रत, काढून घ्याच.