आशियातल्या समकालीन कलेचं बक्षीस मिळवणाऱ्यांपैकी कोणाचं काम आधी बघावं?

तुम्ही विचारलंय की चित्रकलेतलं फारसं कळत नाही, विजेत्यांची यादी वाचून डोकं भणभणलं, तर सुरुवात कोणापासून करू. मी २०१८ च्या सिग्नेचर आर्ट प्राइझपासून करा म्हणेन. सिंगापूर आर्ट म्युझियम आणि एशिया पॅसिफिक ब्रुअरीज फाउंडेशनने २००८ मध्ये सुरू केलेलं हे बक्षीस. (हो, टायगर बिअरवालेच.) ते दर तीन-चार वर्षांनी एखाद्या ताज्या कलाकृतीला मिळायचं. स्वतः अर्ज भरायची सोय नव्हती, जाणकार मंडळी नावं सुचवायची.

त्या वर्षी ६०,००० सिंगापूर डॉलरचं पहिलं बक्षीस व्हिएतनामच्या फान थाओ न्गुयेनला मिळालं. कामाचं नाव ‘ट्रॉपिकल सिएस्टा’, म्हणजे दुपारची डुलकी. एकीकडे व्हिडिओ, दुसरीकडे तैलरंगात रंगवलेली चित्रं. चित्रांत शाळेच्या बाकांवर पोरं आडवी झालीयेत, गाढ झोपलीत. व्हिडिओतल्या गावात मोठं माणूसच नाही. पोरं अलेक्झांद्र द रोड्स नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने सतराव्या शतकात लिहिलेल्या हकिकती खेळून दाखवतात. व्हिएतनामी भाषा आज रोमन लिपीत लिहिली जाते, त्यात या बाबाचा मोठा वाटा. त्याचा शब्दकोश १६५१ मध्ये रोममध्ये छापला गेला.

इथे मी जरा थबकलो. आपल्याकडे फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं, मराठी ओव्या, पण अक्षरं रोमन! स्टीफन्स वारले १६१९ मध्ये, आणि त्याच वर्षी रोड्स गोव्यात उतरला. तिकडे ती लिपी देशाची झाली, आपण देवनागरीतच राहिलो. हे डोक्यात असलं की त्या झोपलेल्या पोरांकडे परक्यासारखं बघता येत नाही. आपली भाषा दुसऱ्याने बसवलेल्या अक्षरांत गिरवायची म्हणजे काय, हे ती न बोलता सांगतात.

त्याच वर्षी परीक्षक-पसंतीच्या दोन बक्षिसांपैकी एक शुबिगी राव यांना मिळालं. जन्म मुंबईचा, काम सिंगापुरात. ‘पल्प’ हा त्यांचा दहा वर्षांचा उद्योग, बक्षीस त्यातल्या पुस्तकाला: जाळलेली, बंदी घातलेली, लपवून वाचवलेली पुस्तकं आणि ती वाचवणारी माणसं. १९९२ मध्ये तोफांनी जळालेल्या बोस्नियातल्या सारायेव्होच्या ग्रंथालयापर्यंत त्या गेल्या. आता पुस्तकाला कलाकृतीचं बक्षीस कसं, असं तुम्ही विचारालच. मीही विचारलं होतं. पण जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तेव्हा जमिनीवर पडलेली पानं ज्याला आठवतात, त्याला या कामाचा विषय समजावून सांगावा लागत नाही.

आधीचे विजेते थोडक्यात: २०११ ला फिलिपिन्सचा रोडेल तापाया, लोककथांनी गच्च भरलेलं भलंमोठं चित्र. २०१४ ला सिंगापूरचा हो त्झू न्येन, ‘पायथागोरस’; पडदे, दिवे, आवाज आणि व्हिडिओ. पहिल्यांदाच बघणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

आणि व्हिडिओ वगैरे नको, रंगवलेलंच हवं असेल तर २०१८ चं लोकांच्या मतांचं बक्षीस बघा. बालीच्या गेडे महेंद्र यासाचं ‘आफ्टर पॅराडाइज लॉस्ट’, कॅनव्हासवर इतकी गर्दी की बोट ठेवायला जागा नाही. परीक्षकांनी त्याला वगळलं, लोकांनी उचलून धरलं. मोठ्या पडद्यावर झूम करून बघा, मोबाइलवर नको.