पात माजते, गड्डा धरत नाही: आधी बियाण्याची जात विचारा

फोंड्याच्या ताई, तुम्ही लिहिलंय की कांद्याची पात गुडघ्याला लागतेय, माना जाडजूड झाल्यात, पण मार्च संपत आला तरी खाली गड्डा नाही. शेजारचा लीकही (कांद्याच्याच कुळातली, जाड पांढऱ्या दांड्याची भाजी) पेन्सिलीएवढाच. वाचून जुनं दुखणं वर आलं. इथे बहुतेकांनी शेणखत, राख, जीवामृत सुचवलंय. वाफे, निचरा, पाणी हे तुम्हाला येतंच, फोटोत दिसतंय. मी एवढंच विचारते, बी कुठल्या जातीचं होतं?

कांदा गड्डा धरतो तो दिवसाच्या लांबीवर. आपल्याकडे डिसेंबरात दिवस सव्वाअकरा तासांच्या आसपास, आणि जूनमध्येही जेमतेम 13 तासांचा. लांब दिवसाच्या जातींना 14 तास किंवा त्याहून जास्त उजेड लागतो. त्या गोव्यात जन्मभर पातच देणार, खाली सोनं घातलंत तरी.

आम्हाला असलं बी दिलं एका सरकारी खिडकीने. नाव घेत नाही. परसातल्या चार वाफ्यांसाठी आधी जमिनीचा एक-चौदाचा उतारा मागितला. आमचं घर मुंडकारीचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरचं, उताऱ्यावर नाव भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं, मग आणखी कागद. शेवटी हातात काय पडलं, तर मोठ्या पाकिटातून सुटं काढून गाठ मारलेली पिशवी. जात नाही, पॅकिंगची तारीख नाही. विचारलं तर म्हणे, ‘‘कांद्याचं बी आहे, कांदाच येणार.’’ आला नाही. तक्रार केली तेव्हा ‘‘तुमच्या मातीत दम नाही’’ म्हणून आणखी शेणखत घालायला लावलं. पात अजून माजली, फुलकिडे तुटून पडले, आणि मिरगाच्या पावसात सगळं कुजलं. नंतर त्या मोठ्या पाकिटावरचं लेबल बघायला मिळालं, थंड डोंगराळ भागासाठीची, म्हणजे लांब दिवसाची जात! अख्खा हंगाम गेला, आणि दोष आमच्या मातीला.

शिवाय ते बी गुलाबी पावडर लावलेलं. म्हणजे बुरशीनाशक चोळलेलं. सेंद्रियच्या नावाखाली हे वाटायचं आणि वर आपल्याला कंपोस्टवर भाषण द्यायचं. असो.

माझं मत म्हणाल तर पाकिटावर जात छापलेली नसेल तर फुकटही घेऊ नका. हिवाळी लावणीला एन-2-4-1, ॲग्रीफाउंड लाईट रेड, भीमा शक्ती यांतलं काहीही चालेल. भीमाच्या जाती राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेच्या. पण माझा जीव गावठी लाल कांद्यावर. मे महिन्यात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या वेळी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माळा घेऊन बसणाऱ्या बायांशी ओळख वाढवा. बी कोणाकडे, रोप कोणाकडे, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यांच्याकडे उतारा लागत नाही. बी मात्र दरवर्षी ताजं घ्या, आपल्या दमट हवेत कांद्याचं बी लवकर मरतं.

तुमच्या वाफ्यात आणखी एक दिसलं. रोपं खोल गेलीत. गड्डा अर्धाअधिक मातीच्या वर फुगायला हवा, म्हणून मुळं झाकतील एवढंच दाबायचं. आणि जांभी माती आंबट असते, तर लावणीआधी दोन-तीन आठवडे चुना. शेणखतासोबत एकदम नको, नत्र उडून जातं.

लीकचं गणित वेगळं. त्याला गड्डा धरायचाच नसतो, त्यामुळे दिवस लहान की मोठा याची त्याला पर्वा नाही. त्याला हवी थंडी, जी आपल्याकडे औषधापुरतीच. नोव्हेंबरात बी टाकलंत तर त्याचे वाढीचे दिवस नेमके उन्हात सापडतात. सप्टेंबरात छपराखाली ट्रेमध्ये रोप करा, पाऊस ओसरला की लावा. काठीने वीतभर खोल भोक पाडायचं, रोप आत सोडायचं, माती न ढकलता नुसतं पाणी ओतायचं. भोक आपसूक बुजत जातं आणि दांडा पांढरा राहतो. तरी बाजारातल्यासारखा मनगटाएवढा होईल अशी आशा नको. अंगठ्याएवढा झाला की उपटा, सूपला तोच गोड.

मी कृषी शिकलेली नाही, हे सगळं डिचोलीकडच्या जांभ्या मातीतलं. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीत काय होतं ते तिथल्यांनी सांगावं. तुमची आत्ताची पात फेकू नका, कापून भजीला वापरा, बुंधे ठेवलेत तर पुन्हा फुटेल. आणि पाकीट टाकलं नसेल तर मागच्या बाजूचा फोटो इथे लावा.