नर्मदा परिक्रमा पायी करून त्यातून चांगल्या कामासाठी पैसे उभे करायचं स्वप्न आहे. करावं का, आणि सुरुवात कुठून करावी?

दादा, तुम्ही लिहिलंय की तुम्ही भुसावळचे, रोज पाच-सहा किमी चालता, चार-पाच वर्षं झाली डोक्यात पायी परिक्रमेचं आहे, पण नुसतं चालायचं नाही तर त्या निमित्ताने गरजू लोकांसाठी पैसे जमवायचे, आणि घरचे म्हणतात हे काय खूळ घेतलंय. माझं उत्तर असं की चाला, नक्की चाला, आणि पैसेही जमवा, पण चालता चालता जमवू नका. दोन्ही कामं वेगवेगळी ठेवा. असं का म्हणतोय ते सांगतो, थोडं लांबण लागेल.

मी तळोद्याचा. मेडिकल आहे माझं. आमच्या गावावरून दरवर्षी परिक्रमावासी जातात, लहानपणापासून बघतोय. कार्तिकी एकादशीनंतर लोक ओंकारेश्वरहून निघतात, मैया म्हणजे नर्मदा उजव्या हाताला ठेवून दक्षिण काठाने पश्चिमेकडे येतात, आणि बरेच जण खेतियावरून शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असे उतरतात. आता प्रकाशा तर तापीकाठी आहे, मग नर्मदेवाले तिथे कसे, असं बाहेरचे विचारतात. तर मैयाच्या अगदी काठाने जायची जी जुनी वाट होती ती शूलपाणीच्या झाडीतून म्हणजे काठच्या जंगलातून जायची, आणि सरदार सरोवर झालं तेव्हा ती वाट पाण्याखाली गेली. धरणाची उंची १३८.६८ मीटर आहे, त्याच्या फुगवट्यात अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली आपल्याकडे सगळ्यात आधी गेलं आणि शूलपाणेश्वराचं मूळ मंदिरही बुडालं, आता नवीन मंदिर गोरा गावात आहे. त्यामुळे काही जण भादल, बिलगाव, धडगाव, मोलगी असे डोंगरातून जातात आणि ज्यांना ते झेपत नाही ते खालून, आमच्या दारावरून.

तो टाइम म्हणजे इकडे कापूस वेचणीचा. थंडी पडलेली असते, शेतात केळी-पपई चाललेली असते, आणि रस्त्याने पांढऱ्या कपड्यातली माणसं येतात, एका हातात काठी, खांद्याला झोळी, दुसऱ्या हातात कमंडलू नाहीतर प्लास्टिकचा डबा. लांबून हाळी यायची "नर्मदे हर" आणि आम्ही पोरं ओरडायचो "जिंदगीभर". माझी आई साक्रीकडची, अहिराणी बोलायची, ती कामं टाकून बाहेर यायची आणि म्हणायची "बसा बाबा, च्या पी ल्या, मंग जा". कोण, कुठले, जात काय, काही विचारायची नाही. मी पाचवीत होतो तेव्हा एका म्हाताऱ्या बाबांनी सांगितलं की झाडीत अश्वत्थामा अजून फिरतो, कपाळावर जखम आहे, वाट चुकलेल्याला रस्ता दाखवतो आणि दिसेनासा होतो. त्या रात्री झोप आली नाही मला. तेव्हापासून हे स्वप्न आहे दादा, आज पंचेचाळीस वय झालं तरी पुरी परिक्रमा झालेली नाही, धाकटीची बारावी झाली की निघणार आहे. म्हणून तुमचा प्रश्न बघितल्यावर राहवलं नाही.

आता मुद्द्याचं. नदी १३१२ किमी लांब, दोन्ही काठ धरले तर तिथेच २६०० च्या वर जातं, आणि वाट वाकडीतिकडी असल्यामुळे पायी ३००० किमी धरूनच चला. रोज २०-२५ किमी चाललात तर चार-पाच महिने. जुन्या पद्धतीने करणारे ३ वर्षं ३ महिने १३ दिवस लावतात, चातुर्मासात एका जागी थांबतात. मैया ओलांडायची नाही, उपनद्या ओलांडल्या तर चालतात. फक्त खाली समुद्राजवळ विमलेश्वराहून नावेत बसून मिठी तलाईला जायचं, तिथून उत्तर काठ सुरू. हे सगळं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. पण ज्याच्यावर सगळी परिक्रमा उभी आहे ती गोष्ट म्हणजे घेणं. परिक्रमावासी पैसे बाळगत नाही, निदान बाळगू नये असं आहे, दारात उभं राहायचं, नर्मदे हर म्हणायचं, मिळेल ते खायचं. काठावरचे लोक सदाव्रत देतात म्हणजे शिधा, पीठ, डाळ, मीठ, मिरची, आणि तुम्ही तो हात पसरून घ्यायचा. मोठा अधिकारी असो की डॉक्टर, चार महिने तो मागणारा असतो. आणि आपण चॅरिटी वॉक म्हणतो तेव्हा आपण देणारे असतो, बरोबर? इथे गाठ पडते.

मला हे पुस्तकातून नाही कळलं. मी सिकलसेलसाठी चाललो होतो, दोन वर्षांपूर्वी. तुम्हाला माहीत असेल नसेल, आमच्या नंदुरबार जिल्ह्यात भिल्ल, पावरा लोकांत हा आजार खूप आहे. रक्तातली लाल पेशी गोल असते ती विळ्यासारखी होते, बारीक नसांत अडकते, आणि सांधे असे दुखतात की पोरगं गडाबडा लोळतं. आई-बाप दोघं वाहक असले की प्रत्येक बाळंतपणात २५ टक्के शक्यता. बरं वाहक माणसाला सहसा काही त्रास होत नाही, त्यामुळे तपासल्याशिवाय कळतच नाही. सरकारने १ जुलै २०२३ ला शहडोलला याचं राष्ट्रीय मिशन सुरू केलं, आणि गंमत नाही खरंच सांगतो, शहडोल म्हणजे अमरकंटकच्या शेजारचा भाग, जिथे मैया उगम पावते तिथे हा आजार आणि खाली आमच्याकडेही हाच आजार. काउंटरवर माझ्याकडे एक बाई यायची, धडगावच्या पलीकडच्या पाड्यावरची, मुलासाठी. सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळतात पण संपलेल्या असल्या की ती चांदसैली घाट उतरून तळोद्याला. फॉलिक ॲसिडची स्ट्रिप काही रुपयांची, गाडीभाडं त्याच्या कितीतरी पट. आणि पावसाळ्यात घाटात दरड आली की तेही बंद. मला वाटलं आपण चालायचं आणि ह्या पोरांच्या तपासणीसाठी, भाड्यासाठी पैसे उभे करायचे.

तर दुकान मेहुण्याच्या ताब्यात दिलं आणि तळोदा ते राजपिपला असा तुकडा चालायला घेतला. पुरी परिक्रमा नाही, संकल्प नाही, नुसता तुकडा. टी-शर्ट छापले, गळ्यात लॅमिनेट केलेलं कार्ड, त्याच्यावर क्यूआर कोड. रोज स्टेटसला फोटो. पैसे येत होते, शहाद्याचे मित्र, पुण्यातले वर्गमित्र, छान चाललं होतं.

खापर सोडल्यावर गुजरात हद्दीच्या अलीकडे रस्त्याच्या आत एक घर दिसलं, कुडाचं, ओट्यावर कापसाचा ढीग. दुपार झाली होती, पाण्याला थांबलो. आजी एकटीच होती. माझं मराठी तिला अर्धं कळत होतं, तिची बोली मला अर्धी. तिने पाणी दिलं आणि चुलीजवळून ज्वारीची अर्धी भाकर आणून त्याच्यावर लाल मिरचीचा ठेचा बोटाने पसरून पळसाच्या पानावर दिली. टोपलीत मागे उरलेली अर्धी मला दिसत होती. खाऊन झालं, मग तिने गळ्यातल्या कार्डाकडे बोट केलं, हे काय. मी सांगितलं आजी, पोरं आजारी आहेत, त्यांच्या दवापाण्यासाठी लोक पैसे देतात ह्याच्यावर. तिने ऐकलं, मान हलवली, आणि पदराची गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट होती, दाताने सोडली. आत तंबाखूच्या पुडीसारखी बारीक घडी केलेली दहाची नोट. ती माझ्या हातावर ठेवली.

नाही म्हणता येत नाही दादा. परिक्रमेच्या वाटेवर दिलेलं परत करायचं नाही, आणि परत केलं असतं तर तिचा अपमान झाला असता. घेतली. वहीत लिहिली, खापरच्या पुढे, आजी, १० रुपये. पण पुढचे दोन किमी मला रस्ता दिसत नव्हता नीट. ज्यांच्यासाठी मी जमवतोय म्हणून छातीवर लिहिलं होतं त्यांच्याच चुलीवरची भाकर खाल्ली आणि वरून त्यांच्याच गाठीचे दहा रुपयेही घेतले. तिने काही चुकीचं केलं नाही, ती देणारी आहे, तिच्या आधी तिची आई, आजी अशाच देत आल्या असतील येणाऱ्याजाणाऱ्याला. चुकीचं माझं होतं, मी मागणाऱ्याच्या वाटेवर देणाऱ्याचा बिल्ला घालून आलो होतो. सागबाऱ्याला मुक्कामाला पोचलो आणि कार्ड काढून सॅकमध्ये टाकलं, टी-शर्ट उलटा घातला, तिथून राजपिपल्यापर्यंत नुसता चाललो. आणि खरं सांगतो, चालणं तिथून सुरू झालं.

घरी आल्यावर हिशोब केला, सगळे मिळून ४१,३५० झाले होते, ते एका नोंदणी असलेल्या संस्थेला गेले. पैसे वाईट नाहीत हो, उलट फार लागतात. फक्त ते काठावर मागायचे नाहीत.

म्हणून तुम्ही असं करा. निघायच्या तीन-चार महिने आधीच संस्था ठरवा, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का बघा, ८०जी आहे का बघा, म्हणजे जुन्या करपद्धतीत असलेल्या देणाऱ्याला करात सूट मिळते, आणि त्यांना सांगा की २००० च्या वर रोख दिले तर ती सूट मिळत नाही, ऑनलाइन नाहीतर चेक द्या. पैसे तुमच्या स्वतःच्या खात्यावर अजिबात घेऊ नका, थेट संस्थेच्या. किमीप्रमाणे कबुली घ्या लोकांकडून, कोणी किमीला एक रुपया म्हणेल, कोणी चार आणे, ३००० किमीचे एक रुपयाने ३००० होतात, असे शंभर जण भुसावळ-जळगावात मिळतील तुम्हाला, रेल्वेवाले, शाळेतले, व्हॉट्सॲप ग्रुपवाले. हे सगळं घरी बसून. घरातलं एक माणूस त्याच्यावर नेमा, तो आठवड्याला अपडेट टाकेल, तुम्ही फक्त त्याला फोन करून कुठे पोचलात ते सांगायचं. उंबरठा ओलांडला की तुम्ही परिक्रमावासी, बाकी काही नाही. कार्ड नाही, बॅनर नाही. आणि जमलं तर पैसा काठावरच परत जाऊ द्या. महाराष्ट्राच्या वाट्याला मैयाचा थोडाच काठ आहे, सगळा धडगाव-अक्कलकुव्याचा, आणि सगळ्यात अडचणीतला तोच. तिथे पाण्यातून तरंगता दवाखाना बोटीने फिरतो, बुडीत गावांतल्या पोरांसाठी जीवनशाळा चालतात, सिकलसेलचं तर सांगितलंच. तुम्ही त्यांच्याकडून भाकरी घेणार आहात, तर तुमच्या नकळत त्यांच्याकडे काही पोचलं पाहिजे.

चालण्याचं थोडं. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गावर शहादा ते अक्कलकुवा त्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या असतात, एकाला एक जोडलेल्या, मागे लाल दिवा नसतो. अंधारात चालू नका, पहाटे निघालात तर झोळीला रेडियमची पट्टी लावा आणि समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने चाला. बूट एक नंबर मोठा घ्या, चालून पाय सुजतात. माझ्याकडे फोडांची मलमं घ्यायला येणारे बहुतेक नवीन बूट घालून निघालेले असतात. सॅक सात-आठ किलोच्या वर नको. डोंगरातून जायचं असेल तर एकट्याने जाऊ नका, पूर्वी झाडीत मामा लोक म्हणजे तिथले भिल्ल कपडेसुद्धा काढून घ्यायचे असं जुने लोक सांगतात, आता तसं नाही, उलट तेच हाताला धरून वाट दाखवतात, पण चढ फार उभा आहे आणि मोबाइलला रेंज नाही.

घरच्यांचं म्हणाल तर त्यांच्याशी भांडू नका. त्यांना पाच महिने एकदम दिसतात म्हणून घाबरतात. आधी त्यांनाच घेऊन चैत्रात उत्तरवाहिनी करा. राजपिपल्याजवळ रामपुरा ते तिलकवाडा मैया उत्तरेकडे वाहते, तेवढ्याच भागाची एका दिवसाची परिक्रमा असते, साधारण २० किमी, चैत्रभर चालते आणि आपल्याकडून खूप लोक जातात. वहिनी चालल्या, त्यांनी कोणाच्या तरी दारात बसून ताक घेतलं, की पुढचं त्या स्वतःच बोलतील. आम्ही तळोद्याचे आठ-दहा जण येत्या चैत्रातही जाणार आहोत, पहाटे तीनला रामपुऱ्याहून निघतो म्हणजे ऊन चढायच्या आत बरंच संपतं. यायचं असेल तर होळीच्या आसपास इथेच मेसेज टाका, गाडीत जागा धरून ठेवतो.