‘फायनल बॉस’ म्हणून, घेऊन की होऊन?

एका वाचकाने भाच्याशी झालेला वाद कळवला आहे. भाचा रोबोंच्या मारामारीचा गेम खेळतो. परवा तो म्हणाला, “मामा, मी काल फायनल बॉस म्हणून खेळलो.” मामांना ते ‘म्हणून’ खटकलं. हे इंग्रजीवरून उचललेलं आहे का, बरोबर काय म्हणावं, आणि ‘फायनल बॉस’ला, म्हणजे गेममध्ये सगळ्यांत शेवटी समोर येणाऱ्या तगड्या शत्रूला, मराठीत काय म्हणायचं, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

आधी ‘म्हणून’. ते परकं नाही. ‘शिक्षक म्हणून रुजू झाले’, ‘सून म्हणून या घरात आली’ ही अस्सल मराठी वाक्यं आहेत. पण या ‘म्हणून’च्या आधी काय येतं ते पाहा: हुद्दा, नातं, काम. ‘कर्णधार म्हणून खेळला’ यात खेळणारा तोच असतो, फक्त त्या सामन्यापुरतं पद त्याच्याकडे असतं. आधी एखाद्या वस्तूचं किंवा व्यक्तीचं नाव आलं की हे ‘म्हणून’ वेगळंच बोलू लागतं. ‘साखर म्हणून मीठ टाकलं’ म्हणजे घोटाळा झाला. ‘त्याला गण्या म्हणून ओळखतात’ म्हणजे कागदोपत्री नाव निराळं. शिवाय कारण सांगणारं ‘म्हणून’ शेजारी उभंच असतं. भाच्याचं वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ऐकू आलं ते असं: फायनल बॉस होता म्हणून खेळलो, नाहीतर केव्हाच झोपलो असतो.

गेमवाल्या पोरांचं खरं क्रियापद आहे ‘घेणे’. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणं टाकलं, पडद्यावर चेहऱ्यांची रांग आली, की शेजारचा विचारायचा, “तू कोण घेतोस?” कोण ‘आहेस’ किंवा कोण ‘म्हणून खेळतोस’ असं कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ मध्ये शेवटचे चार गडी फक्त मशीनकडे असत. आपण त्यांचा मार खायचा, त्यांना घ्यायचं नाही. १९९२ साली ‘चॅम्पियन एडिशन’ आली आणि ते चौघेही निवडीच्या रांगेत बसले. बायसन हा त्या चौघांतला सगळ्यांत शेवटचा. “बायसन घेतला” हे वाक्य त्यानंतरच शक्य झालं. बुद्धिबळातही आपण ‘काळी घेऊन’ खेळतो, काळी ‘म्हणून’ नाही.

पण ‘घेणे’च्याही आधीचं क्रियापद आपल्याकडे आहे, ते म्हणजे ‘होणे’. “तू चोर हो, मी पोलीस होतो.” भातुकलीतही कोणी आई ‘होतं’, कोणी पाहुणे ‘होतात’. या ‘होतो’ची एक गंमत आहे. ‘मी पोलीस होतो’ हे खेळ सुरू होताना म्हटलं तर ‘आता बनतो’, खेळ संपल्यावर म्हटलं तर ‘तेव्हा होतो’. एकाच रूपात वर्तमान आणि भूत दोन्ही बसतात, आणि पोरांचा कधी गोंधळ होत नाही. ‘बनणे’ मराठीत आहेच, पण ‘बॉस बनून खेळलो’ माझ्या कानाला हिंदीतून आल्यासारखं लागतं. चूक म्हणणार नाही, मी मात्र वापरत नाही.

रोबोंच्या गेममध्ये या दोन क्रियापदांचं काम फार छान विभागलं जातं. १९९४ चा ‘वन मस्ट फॉल: २०९७’ घ्या. त्यात दहा पायलट आणि दहा रोबो वेगवेगळे निवडायचे असतात. माणूस एक, यंत्र दुसरं. म्हणजे पायलट तुम्ही ‘होता’, रोबो ‘घेता’, आणि मारामारी सुरू झाली की तो ‘चालवता’. शेवटी समोर येतो मेजर क्रायसॅक, ‘नोव्हा’ नावाचा अकरावा रोबो घेऊन. हा नोव्हा नेहमीच्या निवडीत नसतो, गुप्त युक्तीने हाती लागतो. तसा तो मिळाला, तर ‘मी नोव्हा घेऊन खेळलो’ हेच नेमकं वाक्य. ‘नोव्हा झालो’ म्हटलं तर आतल्या माणसाचं काय करायचं?

मुंबईच्या रिलायन्स गेम्सने काढलेल्या ‘रिअल स्टील वर्ल्ड रोबोट बॉक्सिंग’मध्ये तर हे आणखी स्पष्ट आहे. तिथला जगज्जेता रोबो झ्यूस ताब्यात येतो तो गाडी यावी तसा. तो घ्यायचा, सुधारायचा, पळवायचा. आणि घेतला की आपल्यापुरता तो बॉस उरत नाही. बॉस हे नाव नसून जागा आहे: शेवटी, वाट अडवून उभं राहणाऱ्याची. म्हणून भाच्याला मी एक सूट देईन. एखाद्या गेममध्ये खरोखर ती जागाच त्याच्याकडे आली असेल, बाकीचे एकेक करून त्याच्यावर चालून येत असतील आणि तो शेवटी बसून त्यांची वाट पाहत असेल, तर ‘फायनल बॉस म्हणून खेळलो’ अगदी बरोबर. तिथे तो हुद्दाच आहे.

आता शब्द. ‘अंतिम अधिपती’ वगैरे मी सुचवणार नाही, तसं कोणी बोलणार नाही. ‘शेवटचा साहेब’ म्हटलं तर बदलीचा अर्ज आठवतो. जत्रेच्या फडात लहान पोरांच्या कुस्त्या आधी आणि मानाची कुस्ती सगळ्यांत शेवटी लागते, त्यावरून ‘मानाचा गडी’ सुचतो. छान आहे, पण त्यात दुष्टपणा नाही.

दुष्टपणा हवा असेल तर आपल्या रंगभूमीकडे जावं. जुन्या नाटकमंडळ्यांत राजापार्ट, स्त्रीपार्ट आणि राक्षसपार्ट अशी कामांची वाटणी असे. राक्षस ‘अललडुर्र’ करत आरडाओरडा करत रंगमंचावर येई. बॉस यायच्या आधी गेममध्ये संगीत बदलतं, पडदा हादरतो, ते याहून फार निराळं नाही. ‘राक्षसपार्ट’ हा खलपात्राचं काम करण्याचाच शब्द आहे, आणि खेळणारा त्यात अभिमानाने उतरतो. भाच्याने ‘काल मी राक्षसपार्ट केला’ असं म्हटलं तर मामांनी उठून मिठी मारावी.

तो तसं म्हणणार नाही, हे मलाही कळतं. ‘पार्ट’ इंग्रजीच आहे. ‘बॉस’ तर इंग्रजीतही उसना, डच ‘बास’ म्हणजे मालक, त्यावरून अमेरिकेत रुळलेला. आपल्याकडे तो रिक्षावाल्याला हाक मारण्याइतका घरचा झाला आहे. तेव्हा ‘फायनल बॉस’ राहू द्या. दुरुस्ती करायचीच तर पुढच्या शब्दाची: फायनल बॉस घेऊन खेळलो. आणि रोबो नसून माणूस असेल, तर फायनल बॉस झालो.