लेन्स लावून वजन करा, मग ठरवा

“सोनी ए६४००, फुजीफिल्म एक्स-एस१० आणि कॅनन आर५० या कॅमेऱ्यांचा तक्ता करतोय, आठवडा झाला तरी ठरत नाही. रोजच्या फोटोंसाठी हवाय.” हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. असाच तक्ता मीही केला होता: मेगापिक्सेल, सेकंदाला किती फ्रेम, बॉडीचं (म्हणजे लेन्सशिवाय कॅमेऱ्याचं) वजन. लेन्सच्या वजनाचा रकानाच नव्हता त्यात.

सेन्सरचा (फोटो टिपणाऱ्या चिपचा) आकार, क्रॉप फॅक्टर (छोट्या सेन्सरमुळे लेन्सचा कोन किती अरुंद होतो ते) वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

मलाही रोज सोबत राहील असाच कॅमेरा हवा होता. दुकानातल्या माणसाने पटवलं की छोटा सेन्सर घेतलात तर दोन वर्षांत पस्तावाल. फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, घेतला. बॉडी जेमतेम ५०० ग्रॅमची, म्हणून खूश होतो. मग ‘एकदाच काय ती चांगली घेऊ’ म्हणून २४-७० मिमीची एफ/२.८ झूम लेन्स घेतली (एफचा आकडा लहान तेवढा प्रकाश जास्त). ती एकटीच ९०० ग्रॅमच्या आसपास! पंधरा दिवस हौसेने गळ्यात वागवला, मग मान भरून यायला लागली आणि कॅमेरा कपाटात गेला. लेन्स वेगळी, कापडात गुंडाळून, कारण जोडून ठेवली तर बॅगेची चेन लागत नव्हती.

वडील सकाळी खिडकीपाशी भिंग घेऊन पेपर वाचायचे. एकदा ऊन भिंगातून उतरून ओळींवर लखलखीत ठिपका पडला होता आणि त्यामागून त्यांचं बोट सरकत होतं. मी कपाट उघडलं, कापड सोडलं, दोन्हीकडची झाकणं काढली, लेन्स फिरवून बसवली. तोवर ते पेपरची घडी घालून उठलेसुद्धा. पुन्हा बसवलं त्यांना, पण मग ते कॅमेऱ्याकडे बघत बसले. आता ते नाहीत. त्या दोन वर्षांतले त्यांचे फोटो मोजकेच आहेत, तेही फोनवरचे. एवढं सविस्तर लिहितोय ते त्यासाठीच.

तर तुमच्या तिघांबद्दल. बॅटरी आणि कार्डासह आर५० ३७५ ग्रॅम, ए६४०० ४०३, एक्स-एस१० ४६५. यावर फार खल करू नका. आर५०सोबत येणारी १८-४५ लेन्स १३० ग्रॅमचीच आहे, पण झूम टोकाला नेलं की एफ/६.३, म्हणजे संध्याकाळी घरात आयएसओ (प्रकाशाला सेन्सर किती संवेदनशील ते) भराभर चढणार आणि फोटोत ग्रेन, म्हणजे दाणे, दिसणार. रोजच्या वापराला मी झूम घेणारच नाही. (हे माझं मत. प्रवासात झूम लागतो हे मान्य.) फुजीची २७ मिमी एफ/२.८ घ्या, ८४ ग्रॅम. कॅननची २८ मिमी एफ/२.८ १२० ग्रॅम, सोनीची २० मिमी एफ/२.८ तर ६९ ग्रॅम. तिन्ही चपट्या, बॉडीवर कायमच्या राहू शकतील अशा. मात्र सोनीच्या त्या लेन्सचा कोन बराच रुंद, माणसांच्या जवळ जावं लागेल.

बॉडीतलं स्टॅबिलायझेशन तिघांत फक्त एक्स-एस१०ला आहे. त्याचा उपयोग तुमचा हात हलतो तेव्हा. समोरचं मूल हललं तर १/१५ सेकंदाला भिंत कोरीव येईल आणि मूल पुसट. तिथे शटरचा वेगच वाढवावा लागतो, आयएसओ चढला तर चढू द्या. ग्रेनपेक्षा हललेला चेहरा वाईट. धावणारी मुलं, कुत्री-मांजरी हाच विषय असेल तर ए६४००चं फोकस ट्रॅकिंग (हलत्या विषयावर फोकस धरून ठेवणं) अजूनही भरवशाचं आहे, फक्त टचस्क्रीनवर त्याचा मेनू चालत नाही. मेनूत न अडकता सुरुवात करायची असेल तर आर५०. संगणकावर बसून रंग सुधारायचा कंटाळा असेल तर फुजीची जेपेग, म्हणजे कॅमेऱ्यातूनच तयार होऊन येणारे फोटो. मी तुमच्या जागी असतो तर एक्स-एस१० आणि २७ मिमी, मिळून ५४९ ग्रॅम. मी व्हिडिओ करत नाही, त्यामुळे त्याबाबत माझं ऐकू नका.

गळ्यातल्या पट्ट्याऐवजी मनगटाचा पट्टा लावा, कॅमेरा हातातच राहतो. आणि दुकानात जाताना तुमची रोजची बॅग घेऊन जा, डबा-पाण्याची बाटली असेल तशीच. त्यात तिन्ही कॅमेरे आळीपाळीने लेन्ससकट घालून बघा, चेन लागते का ते.