‘पिवळाजर्द’मधला जर्द

प्रश्न : आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हळदीचे पीक आहे. सांगलीच्या बाजारात माल दाखवताना हळकुंड मोडले, की ‘पिवळेजर्द आहे’ असे शब्द कानी पडतात. यातील ‘जर्द’ म्हणजे नेमके काय, आणि तंबाखूच्या जर्द्याशी त्याचे नाते आहे काय? — एक वाचक, तासगाव

उत्तर : नाते आहे, आणि ते सख्खे आहे. ‘जर्द’ हा फारसी शब्द असून त्याचा मूळ अर्थ ‘पिवळा’ एवढाच आहे. गडदपणाची छटा त्याला मराठीत येऊन चिकटली. जर्द्याला नाव पडले ते रंगावरून, आणि जर्दाळू म्हणजे पिवळा ‘आलू’ (हा आलू आलुबुखारातला, बटाटा नव्हे).

तेव्हा ‘पिवळाजर्द’ म्हणजे अक्षरशः ‘पिवळा-पिवळा’. मिरजेचा मुलूख आदिलशाहीच्या अमलात असताना आणि पुढेही फारसी शब्द दफ्तरातून व बाजारातून लोकांच्या तोंडी रुळले, आणि आपल्या शब्दाशेजारी परका शब्द ठेवून बोलण्याची रीत पडली. ‘बाजारहाट’ आणि ‘कागदपत्र’ ही त्याच रीतीची जोडपी आहेत. ‘काळाकुट्ट’मधील ‘कुट्ट’ हे काही रंगाचे नाव नव्हे, तो केवळ जोर देणारा शब्द आहे. ‘जर्द’चा अर्थ विसरला गेल्यावर तोही त्याच पंक्तीत जाऊन बसला.

मला स्वतःला याहून मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. ‘हळद’ हा शब्द संस्कृत ‘हरिद्रा’, प्राकृत ‘हलिद्दा’ असा आला असून त्यातील ‘हरि’ म्हणजे पिवळा. संस्कृतात जेथे ‘ह’ आहे, तेथे इराणच्या जुन्या भाषेत पुष्कळदा ‘झ’ आढळतो : आपला ‘हस्त’ अवेस्तेत (पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात) ‘झस्त’ होतो, ‘हिरण्य’ हे ‘झरन्य’ होते आणि ‘हरि’चा ‘झइरि’ होतो. ‘जर्द’ याच धातूचा, आणि सोने या अर्थाचा ‘जर’ही त्याच्याच कुळातला, ज्यावरून आपले जरीकाठ, जरतार आणि जरीपटका आले. म्हणजे ‘पिवळीजर्द हळद’ म्हणताना एकाच घरातून फार पूर्वी वेगळ्या झालेल्या दोन बहिणी शेजारी बसतात. ‘हिरवा’ हाही ‘हरित’वरूनच आला, कारण ‘हरि’मध्ये पिवळा आणि हिरवा हे दोन्ही रंग सामावत, आपल्या शिवारातील हळदीचे पान आणि मातीखालचा तिचा गड्डा एकत्र पाहिले, की हे सहज पटते.

लिहिताना शब्द जोडून लिहावा. लिंगवचनाप्रमाणे ‘पिवळा’ बदलतो, ‘जर्द’ बदलत नाही : पिवळाजर्द शेला, पिवळीजर्द हळद, पिवळेजर्द हळकुंड.